‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना निळ्या पेटीचे उत्तर

मित्रांनो, मला खेळण्यांची पेटी म्हणू नका. माझ्या पोटात बाहुली आहे, ठोकळे आहेत, फुगे आहेत, साबणाच्या बुडबुड्यांची बाटली आहे, हे सगळे खरे. तरीही मी खेळणे नाही. मी एक जुनी, निळी, एका चाकाने लंगडी पेटी आहे, आणि गेली तेवीस वर्षे माणसांकडे नीट पाहण्याच्या कामाला लागले आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी आत्ताच उठून जावे. माझे काम घाईचे नाही, आणि माझी गोष्टही नाही.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात झाला, तोही हत्यारे ठेवण्यासाठी. माझा पहिला मालक ॲन आर्बर गावचा एक सुतार होता. त्याने माझ्यात पाने, पटाशी आणि ड्रिल भरून मला घरोघर ओढत नेले. तो थकला तेव्हा त्याने घरातले सामान अंगणात मांडून विकायला काढले. मला वाटले, आता संपले आपले. पण बर्फातून चालत एक मुलगी आली. अंगात पातळ कोट, पायात ओले बूट. तिने माझे झाकण उघडून आतले कप्पे मोजले आणि स्वतःशीच मराठीत म्हणाली, “ठोकळे इथे, बाहुली इथे. झकास!”

ती शैलजा. सांगलीहून मानसशास्त्र शिकायला आली होती. लहान मुलांना ऑटिझम किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणे, आहे का, हे कसे ओळखायचे, हा तिचा अभ्यासाचा विषय. पटाशी गेली आणि तिच्या जागी माझ्यात रंगीत ठोकळे, खेळण्यातला फोन, एकही शब्द नसलेले चित्रांचे पुस्तक आणि एक स्टॉपवॉच आले.

तुम्हांला वाटेल, तपासायला खेळणी कशाला? मित्रांनो, रक्त तपासून ऑटिझम कळत नाही. मेंदूचा फोटो काढून एडीएचडी दिसत नाही. त्यासाठी माणसाच्या समोर बसावे लागते. शैलजा बुडबुडे उडवायची आणि मधेच थांबायची. मूल आता काय करते? नुसत्या बुडबुड्यांकडे बघते, की ‘बघितलंस ना?’ अशा नजरेने तिच्याकडे वळते? आणखी हवे असेल तर कसे मागते? यात नापास कोणी होत नसे, कारण ती परीक्षाच नव्हती. एकदा सहा वर्षांच्या एका मुलाने माझ्यातले काहीच घेतले नाही. त्याने मला आडवे पाडले आणि माझे चाक फिरवत बसला. चाळीस मिनिटांनी चाक निखळले. शैलजाने त्याला अडवले नाही. तिने त्या चाळीस मिनिटांवर चार पाने लिहिली. जाताना त्याची आई म्हणाली, “त्याला ओरडल्याशिवाय त्याच्याकडे बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” तेव्हापासून मी लंगडते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुढे आम्ही दोघी न्यू जर्सीत, एडिसनला आलो. शैलजा आता डॉक्टर झाली होती, केस पांढरे होऊ लागले होते. तिच्या क्लिनिकमध्ये माझा मोठा मान होता. मुले दारातूनच विचारायची, “ब्लू बॉक्स आहे ना?”

मग क्लिनिकमध्ये टॅबलेट आले. नव्या मॅनेजरने हिशोबी सुरात सांगितले, “आईबाप घरून प्रश्नावली भरतील, टीचर शाळेतून भरतील. मग चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल. ही पेटी आता कशाला?” प्रश्नावली वाईट नसते, मित्रांनो. ती लागतेच. पण नुसत्या प्रश्नावलीवर माणूस निकालात काढणे म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचून पत्राला उत्तर देणे. माझे कोण ऐकणार! मला कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, ख्रिसमसच्या झाडाच्या फांद्यांशेजारी ठेवले. तीन वर्षे माझ्या झाकणाला हात लागला नाही. आतल्या बुडबुड्यांच्या बाटलीतला साबण वाळून गेला.

मागच्या सप्टेंबरमध्ये शैलजा खुर्चीवर चढली आणि मला खाली घेतले. तिने स्वेटरच्या बाहीने माझी धूळ पुसली. दारात मॅनेजर उभा होता.

“डॉक्टर, त्या मुलीची फाइल बंद करायची आहे. टीचरच्या फॉर्ममध्ये सगळे शून्य आहेत.”

“आणि आईच्या फॉर्ममध्ये?”

“आईचं बरंचसं टोकाचं. घाबरलेल्या आया असं भरतात.”

“दोन माणसं एकाच मुलीबद्दल इतकं वेगळं सांगतायत,” शैलजा म्हणाली. “म्हणजे फाइल बंद करायची नसते, उघडायची असते. मला ती मुलगी बघायची आहे.”

ती मुलगी म्हणजे स्वानंदी. वय आठ, तिसरीत. शाळेत सगळे तिला स्वॅनी म्हणत. तिचे आईबाप आधी दोघेच आले. वडील यशोधन पुण्याचे, आई गिरिजा नागपूरची, दोघेही आयटीत. यशोधनने बसल्या बसल्या रिपोर्ट कार्ड पुढे केले.

“सगळ्यात ए आहे. टीचरनं लिहिलंय, ‘अ प्लेझर टू हॅव इन क्लास.’ शाळेचं म्हणणं, घरात दोन भाषा आहेत म्हणून जरा शाय आहे. मला तर वाटतं आपण उगाच कॉम्प्लिकेट करतोय.”

“शाळेत काहीच नाही, हे खरं आहे,” गिरिजा म्हणाली. “पण घरी आली की दप्तर दारात टाकते आणि कोटाच्या कपाटात जाऊन बसते. अंधारात. दोन दोन तास. हात लावला तर किंचाळते. सॉरी, मी फॉर्म उशिरा पाठवला. सॉरी, दोनदा हरवला होता.”

शैलजाने पेन खाली ठेवले. “शनिवारी घेऊन या. आणि दोन भाषांनी कुणाचं असं होत नाही. मी तिच्याशी दोन्ही भाषांत बोलेन.”

शनिवारी स्वानंदी आली. दोन वेण्या, हसरा चेहरा, “हॅलो, नाइस टू मीट यू.” ती बहुतेक इंग्रजीत बोलली, मी तुम्हांला मराठीत सांगते. ठोकळ्यांचे नमुने तिने इतक्या भराभर जुळवले की स्टॉपवॉचसुद्धा दमले. बाहुलीचा वाढदिवस करायला सांगितला तर केक कापला, गाणे म्हटले, टाळ्या वाजवल्या. सगळे कसे अगदी बरोबर. मीसुद्धा मनात म्हटले, हिला काय झाले आहे?

मग शैलजाने विचारले, “मैत्रिणी एकमेकींशी काय करतात गं?”

“आधी हाय म्हणतात,” स्वानंदी म्हणाली. “मग वीकेंड कसा होता ते विचारतात. त्यांचं सांगून झालं की मनात तीन मोजायचे. मग आपलं सांगायचं, पण थोडंच. त्या हसल्या की हसायचं.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. मी बघून बघून काढलं. आणि माणसांच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचं. त्यांना वाटतं आपण डोळ्यांत बघतोय.”

“तू आत्ता माझ्या भुवयांमध्ये बघते आहेस?”

तिला कोणीतरी पकडले होते. “हो,” ती म्हणाली. “मी त्यात खूप चांगली आहे. फक्त घरी गेल्यावर माझा चेहरा दुखतो, मावशी.”

मावशी हा एवढाच शब्द ती मराठीत बोलली. शैलजाने स्टॉपवॉच बंद करून माझ्यात ठेवले. “इथे चेहरा नाही केलास तरी चालेल,” ती म्हणाली. स्वानंदीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले, मग हळूच टेबलाखाली जाऊन बसली आणि तासभर तिथूनच बोलली. त्या तासात ती हसली नाही. पण मला ती तिथे जास्त मोकळी वाटली.

पुढच्या आठवड्यात शैलजा मला घेऊन शाळेत गेली. मूल वेगवेगळ्या ठिकाणी कसे असते, ते पाहावे लागते. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये दोनशे मुलांचा गलका होता. शैलजा एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. स्वानंदीच्या शेजारी अनिका नावाची वर्गमैत्रीण होती. अनिका हसली की पाठोपाठ स्वानंदी हसे. अनिकाने केस मागे टाकले की तीही टाके. अर्ध्या तासात ती दोनदा बाथरूमला गेली. दुसऱ्यांदा शैलजा बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन थांबली. स्वानंदी बाहेर आली, दाराशी उभी राहून तिने दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे मिटले, मग डोळे उघडून चेहरा पुन्हा हसरा केला आणि आत गेली. कोणी पाहिले नाही. आम्ही पाहिले.

महिनाभराने शैलजाने आईवडिलांना बोलावून सांगितले. “स्वानंदीला ऑटिझम आहे. पुष्कळ मुली तो लपवायला शिकतात, म्हणून उशिरा लक्षात येतो.”

यशोधनचा आवाज चढला. “पण ती माझ्या डोळ्यांत बघते की!”

“तुमच्या भुवयांच्या मध्ये बघते. तिनंच सांगितलंय.”

यशोधन खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होते. तो म्हणाला, “आठ वर्षं, यार. माझ्याशीसुद्धा?”

शेवटी त्याने विचारले, “बरी होईल ना?”

“ती आजारी नाही. दमलेली आहे. दमणं कमी करता येईल.”

उठता उठता गिरिजा घुटमळली. “शैलजाताई, एक विचारू? तुमच्या फॉर्ममध्ये लक्ष लागत नाही, वस्तू हरवतात, काम अर्धवट राहतं, असे प्रश्न होते. स्वानंदीबद्दल ‘नाही, नाही’ लिहिताना मला कळेना, हा फॉर्म तिचा आहे की माझा?”

“या आठवड्यात नाही, पुढच्या गुरुवारी या,” शैलजा म्हणाली. “तुमच्यासाठी वेगळं बसू.”

गिरिजा बरोबर ठरल्या वेळेला आली, फक्त एक गुरुवार आधी. “सॉरी, सॉरी, कॅलेंडरमध्ये चुकीचं टाकलं.” शैलजाने तिला परत पाठवले नाही.

मोठ्या माणसासाठी माझ्यातल्या बाहुल्या निघत नाहीत. तिथे गप्पाच जास्त असतात. काळजीने, झोप नसल्याने, थायरॉइडनेही लक्ष उडते. तसे काही नाही ना, ते आधी बघावे लागते. आणि हे आजचेच आहे की लहानपणापासूनचे, हे शोधावे लागते. “बाराव्या वर्षाच्या आत तुम्हांला जवळून पाहिलेलं कोणी आहे?” शैलजाने विचारले.

“आई गेली. बाबा आहेत, सध्या सहा महिने इथेच आलेत. पण ते येणार नाहीत.”

ते आले. अनिलकाका, नागपूरच्या एका शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर. पायात मुलीने घेऊन दिलेले पांढरे बूट, खिशाला पेन. खुर्चीत ते ताठ बसले, जणू शिक्षकांच्या खोलीत बसले आहेत. गिरिजा बाहेर थांबली.

“आधीच सांगतो मॅडम, माझ्या मुलीत काही खोट नाही. मेरिटमध्ये आलेली आहे ती.”

“मी खोट विचारत नाही, सर. लहानपणी कशी होती?”

“कशी म्हणजे? वेंधळी. एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्या. पेपराचं शेवटचं पान उलटायचंच विसरायची, दर परीक्षेला. एकदा दही आणायला पाठवलं, तर रस्त्यात कुठं बैल की काय रंगवून राहिले होते, तिथं बघत बसली. दही नाही आणलं, पातेलंही घालवलं.”

“तेव्हा किती वर्षांची होती?”

“सात. अन् पाचवीत तर माझ्याच वर्गात होती. तोंडी गणितं पटापट सांगायची, वहीत मात्र अर्धी. दोन ओळी लिहिल्या की खिडकीबाहेर. मी उभी करायचो बाहेर. मास्तरची पोरगी म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, म्हणून दोन छड्या जास्तीच.” ते थांबले. शैलजाचे पेन चालूच होते. “तुम्ही हे सगळं काहून लिहून राहिल्या?”

“कारण मी जे शोधतेय, तेच तुम्ही सांगताय.”

अनिलकाकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“म्हणजे ती मुद्दाम नव्हती करत?”

“नाही, सर.”

“पण मी तर मुद्दाम मारलं ना, मॅडम.”

काका उठून बाहेर गेले. दार अर्धे उघडे राहिले म्हणून मला दिसले. ते गिरिजाशेजारी बसले. तिची पर्स, किल्ल्या, अर्धवट उघडी पाण्याची बाटली, असा सगळा पसारा तिच्या हातांतून घेऊन त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला. “दे इकडे,” एवढेच म्हणाले.

आणखी दोन बैठका झाल्यावर शैलजाने गिरिजाला सांगितले की तिला एडीएचडी आहे, पहिल्यापासून आहे, आणि त्यावर उपाय आहेत. मला वाटले, ती रडेल. अशा वेळी पुष्कळजण रडतात. गिरिजा उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“मग अडतीस वर्षं मी कशाबद्दल सॉरी म्हणत होते?”

शैलजाने खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही.

“आता नाही म्हणणार. आणि माझ्या मुलीला तर एकदाही म्हणू देणार नाही. शाळेला काय लिहायचं सांगा. आत्ता सांगा. घरी गेले तर विसरेन.”

शैलजाने समजावले की क्लिनिकचे निदान वेगळे आणि शाळेची मदत वेगळी. आपण लेखी मागणी केली की शाळेला ठरावीक दिवसांत बैठक बोलवावीच लागते. गिरिजाने तिथेच, माझ्या झाकणावर कागद ठेवून, ते पत्र लिहिले. अक्षर वाकडे आले, कारण माझे झाकण खरबरीत आहे. पण एकही ओळ अर्धवट राहिली नाही.

बैठकीला शैलजाने मलाही नेले. सगळे कागद माझ्यातच होते. लांब टेबलाच्या एका बाजूला शाळेची माणसे: बैठक चालवणाऱ्या मिसेस ब्रॅनिगन आणि स्वानंदीच्या तरुण टीचर मिस कोल. दुसऱ्या बाजूला गिरिजा, यशोधन, शैलजा आणि सगळ्यांत टोकाला अनिलकाका. काकांनी मुलीला एवढेच सांगितले होते, “मी पण येतो.” विसरू नये म्हणून गिरिजाने तळहातावर पेनाने चार शब्द लिहून आणले होते.

मिसेस ब्रॅनिगन गोड बोलल्या. शैलजाचा रिपोर्ट उघडून त्यांनी नेमके ठोकळ्यांच्या आकड्यावर बोट ठेवले. “हा स्कोर बघा. सरासरीच्या खूप वर. ग्रेड्स उत्तम, वागणूक उत्तम. डॉक्टरांचं निदान आम्ही नाकारत नाही, पण शाळेत आम्हांला काही दिसत नाही. मदत कशासाठी द्यायची?”

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली! ते ठोकळे माझे होते. तो आकडा माझ्या पोटातून निघालेला होता, आणि खरा होता. पण त्यानंतर तीच मुलगी तासभर टेबलाखाली बसली होती, हेही त्याच रिपोर्टात पुढच्या पानावर लिहिले होते. ते पान कोणी उलटले नाही. मला तोंड असते तर मी तिथे ओरडले असते.

गिरिजाने तळहाताकडे पाहिले आणि बोलायला सुरुवात केली. “तुम्हांला दिसत नाही, कारण ती दिसू देत नाही. सकाळी साडेआठपासून तीनपर्यंत ती ते लपवण्याचंच काम करते. अभ्यास त्याशिवाय वेगळा करते. तीन वाजता ती संपलेली असते. तो उरलेला दिवस तुम्ही बघत नाही, आम्ही बघतो.”

“घरच्या गोष्टींसाठी शाळा...” मिसेस ब्रॅनिगननी एक कागद पुढे सरकवला. “मागणी मान्य नाही, एवढंच यात आहे. बैठक झाली म्हणून इथे सही करा.”

“नाही करणार.”

यशोधनने बायकोकडे पाहिले. मी त्याला ओळखत होते. तो कागदावर सही करून वेळेत घरी जाणारा माणूस. त्याने पेन उचलले, टोपण लावले आणि खिशात टाकले. “मीही नाही.”

तेवढ्यात टोकाची खुर्ची मागे सरकली. अनिलकाका उभे राहिले होते. वर्गात उभे राहावे तसे. त्यांचे इंग्रजी शाळेतल्या पुस्तकातले, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ.

“मॅडम, मी चौतीस वर्षं शिक्षक होतो. फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावर काय चाललंय ते मला कळतं, अशी माझी ख्याती होती. माझी मुलगी माझ्याच वर्गात बसायची. ही. ती रोज धडपडायची, आणि मी रोज तिला वर्गाबाहेर काढायचो. मला काही दिसलं नाही. मी तिचा बाप होतो, शिक्षक होतो, आणि तरी मला दिसलं नाही.” ते अजून खाली बसले नाहीत. “तुम्ही म्हणता, आम्हांला दिसत नाही. मी विचारतो, तुम्ही बघितलं का? एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला विचारतो.”

काका उभेच. मग मिस कोल, ज्या आतापर्यंत गप्प होत्या, मिसेस ब्रॅनिगनकडे न बघता म्हणाल्या, “ती रोज चार ते पाच वेळा बाथरूमला जाते. मी तिच्या आईला विचारणार होते, डॉक्टरांना दाखवलं का म्हणून. जेवणानंतर तर हमखास. आणि फायर ड्रिलचा भोंगा वाजला त्या दिवशी ती दुपारभर एक अक्षर बोलली नव्हती.” त्यांचा चेहरा उतरला. “मी फॉर्ममध्ये शून्य लिहिलं होतं. ती कधी त्रास देत नाही, म्हणून.”

मिसेस ब्रॅनिगननी सरकवलेला कागद परत घेतला.

लगेच सगळे झाले असे समजू नका. शाळेने स्वतःची तपासणी करायचे कबूल केले, त्यात थंडीचे तीन महिने गेले. दोनदा तारखा पुढे ढकलल्या. दोन्ही वेळा गिरिजाने लेखी पत्र पाठवून नवी तारीख मागितली, आणि यशोधनने ती आठवणीने कॅलेंडरवर टाकली. फेब्रुवारीत कागद हातात आला. स्वानंदीला हॉलऐवजी लायब्ररीत जेवता येईल. कानांना हेडफोन चालतील. नको वाटले तर न सांगता उठून जाता येईल, कोणी अडवायचे नाही.

आणि मार्चमध्ये एका सोमवारी दुपारी गिरिजा, यशोधन आणि काका असे तिघेही न ठरवता क्लिनिकमध्ये घुसले. गिरिजाच्या हातात फोन होता. मॅनेजर म्हणाला, “अपॉइंटमेंट?” तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“शैलजाताई, शुक्रवारी शाळेतून ईमेल आलाय. तक्रार आली! वाचते. ‘आज पी.टी.च्या तासाला सगळ्यांनी हातात हात धरून गोल करायचा होता. स्वानंदी नाही म्हणाली. पुन्हा सांगितलं, तर ती मोठ्यानं म्हणाली, मला कोणी हात धरलेला आवडत नाही, मी इथूनच खेळेन. ती फार ठामपणे बोलली. कृपया घरी तिच्याशी याबद्दल बोलावे.’”

“मग बोललात?” शैलजाने विचारले.

“बोललो ना,” यशोधन म्हणाला. “मी म्हटलं, शाब्बास.”

“आणि ती?”

“ती म्हणाली, ‘आय नो.’ मग स्वयंपाकघरात बसून सँडविच खाल्लं. कपाटात गेलीच नाही.”

अनिलकाका पुढे झाले. त्यांच्या हातात ओक ट्री रोडवरच्या मिठाईवाल्याचा पुडा होता. “चौतीस वर्षांत मी पालकांना किती तक्रारी लिहिल्या असतील, मोजमाप नाही, मॅडम. पण तक्रार आली म्हणून पेढे वाटणारा बाप मी कधी बघितला नव्हता. घ्या. दोन घ्या.” त्यांनी मॅनेजरच्या टेबलावरही एक पेढा ठेवला. तो गोंधळून थँक यू म्हणाला.

मित्रांनो, मला पुन्हा फळीवर ठेवण्याचा मॅनेजरचा हुकूम अजून कायम आहे. आम्ही दोघींनी तो मानलेला नाही. मी शैलजाच्या टेबलाशेजारी उघडी बसते, आणि बुडबुड्यांच्या बाटलीत ताजा साबण आहे.

तुमच्या वर्गातही एखादी मुलगी असेल, कधीच त्रास न देणारी. एखादा मुलगा असेल, रोज बाहेर उभा राहणारा. घरात एखादी आई असेल, सारखी सॉरी म्हणणारी. त्यांना चांगले किंवा वेंधळे म्हणून मोकळे होऊ नका. त्यांच्या शेजारी जरा बसा. त्यांना कसे वाटते ते विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. आणि ते ‘नाही’ म्हणाले, तर रागावण्याआधी पेढे आणा.